वाघदऱ्याच्या रतनबाईसा

आमच्या आयर्लंडमधल्या, ल्यूकनच्या घरात दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची ती पप्पांच्या ड्रिल मशीनची, मम्मीच्या कांदा चिरायच्या सुरीची आणि शेडमधल्या गवत कापायच्या यंत्राची. खरी तलवार वाघदऱ्याला होती, खानदेशात, तापीच्या काठी. ती विमानातून आणता येत नाही म्हणून पप्पांनी तिचा फोटो मोठा करून जिन्याखाली लावला होता, आणि मम्मी त्यालाही दरवर्षी हळदकुंकू वाहायची. फोटोची काच एका कोपऱ्यात कायमची पिवळट झाली होती. पूजा आटोपली की दाळ-बट्टी आणि वांग्याचं भरीत. वांगी पप्पा मागच्या अंगणात बार्बेक्यूवर भाजायचे, कारण पहिल्या वर्षी गॅसवर भाजली तेव्हा स्मोक अलार्म इतका किंचाळला की शेजारचे दोघे नवराबायको चपला न घालता धावत आले. पावसात छत्री धरून वांगी परतणारे पप्पा मला अजून दिसतात. चेरीवूडच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकून बसणारा हा माणूस त्या दिवशी ताठ उभा राहायचा.

जेवणानंतर ते घराण्याची हकिकत सांगायचे. मी एकुलती एक, त्यामुळे ऐकायला मी आणि भांडी आवरता आवरता मम्मी. मेवाडातून निघालेले तीन भाऊ, थोरल्याने तापीकाठी बांधलेली गढी, बारा गावांची जहागीर, मग इंग्रज, मग कायदे, आणि शेवटी उरलेला एक बुरूज आणि थोडी काळी जमीन. मला हे सगळं पाठ होतं. मी वाट पाहायची ती शेवटाची, कारण हकिकत नेहमी रतनबाईसांवर संपायची. पप्पांच्या पणजोबांची ही बहीण. सतरा वर्षांची. नदीवर बंधाऱ्याची पाहणी करायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाची नजर तिच्यावर पडली, त्याचे शिपाई गढीच्या दारात आले, आणि घराण्याच्या इज्जतीला हात लागण्याआधी तिने विहिरीत उडी घेतली. मग ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "नंदू, आपण कुणाच्या घरातले आहोत, हे लक्षात असू दे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. त्या दिवशी आमच्या घराण्यातला वडीलधारा पुरुष विहिरीच्या काठावर उभा राहून तीनदा हाक मारतो, "रतनबाईसा, माहेरी या." मग सगळे गप्प उभे राहून ऐकतात. पूर्वी उत्तर यायचं म्हणे. माझ्या आजोबांचे वडील हाक मारायचे तेव्हा, थोडा वेळ गेला की, खालून बाईचा आवाज यायचा. पुढे तो बंद झाला. आबा, म्हणजे माझे आजोबा, पुष्कळदा म्हणायचे, "मी जन्मलो त्या वर्षापासून विहीर मुकी झाली. माझाच पायगुण." ते हसून म्हणायचे, पण म्हणायचे जरूर. मी नऊ वर्षांची असताना आयर्लंडला आले, त्याआधी दोनदा त्या विहिरीवर उभी राहिले होते. आता माझे केस पांढरे झालेत, नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात, पण ते ऐकत उभं राहणं अंगातून गेलेलं नाही. तुमच्या आजूबाजूला पन्नास माणसं एकाच वेळी श्वास रोखून उभी असली, की तुम्हालाही काहीतरी ऐकू यायला लागतं.

शाळेची शेवटची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मम्मीने मला काम मिळवून दिलं. ती नास नावाच्या गावात दवाखान्यात नर्स होती. तिच्या ओळखीतल्या एका वृद्ध बाईंना सोबत हवी होती: आठवड्यातून तीन दुपारी जायचं, चहा करायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. बाईंचं नाव मिसेस कॉन्रॉय. वय नव्वदीच्या आसपास, दृष्टी पूर्ण गेलेली, डोकं मात्र एकदम शाबूत. नासपासून पुढे वीसेक मिनिटांवर, दोन्ही बाजूंनी झाडं वर येऊन मिटलेल्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं करड्या दगडाचं घर होतं. मम्मी मला फाटकाशी सोडून ड्युटीवर जायची. तिथून दारापर्यंत चालताना भर दुपारीसुद्धा झाडांखाली हिरवट अंधारलेलं असायचं, आणि पक्षी एकाएकी गप्प व्हायचे. त्यांना माझ्या येण्याची सवय झाली नाही, एवढंच असेल ते. मी तेव्हाही स्वतःला असंच सांगायचे.

पहिल्या दिवशी दार उघडंच होतं. मी घरच्या सवयीने बूट दारात काढले आणि मोज्यांना चिखल लागला होता म्हणून मोजेही. थंडगार फरशीवरून चालत बैठकीच्या खोलीत गेले. मिसेस कॉन्रॉय खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. फक्त म्हणाल्या, "पुन्हा अनवाणी आलीस?"

मी म्हटलं, "मी नंदिनी. आज पहिल्यांदाच येतेय."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग हसल्या. "माफ कर हं पोरी. या घरात अनवाणी चालणारं एकच माणूस होतं. मी लहान होते तेव्हा. चहाचे कप उजवीकडच्या प्रेसमध्ये आहेत."

कपाटाला प्रेस म्हणतात हे एव्हाना मला सवयीचं झालं होतं, आणि मी त्या शब्दाला धरून स्वयंपाकघरात गेले.

जून तसाच गेला. मिसेस कॉन्रॉय गमतीच्या होत्या. मी मृत्यूच्या बातम्यांचं पान वाचायचे आणि त्या "ग्रँड" किंवा "हा अजून होता?" असे शेरे मारायच्या. त्यांचा दुपारी डोळा लागायचा, आणि झोप येईनाशी झाली की स्वतःशीच काहीतरी गुणगुणायच्या. सुरुवातीला मला वाटलं आयरिश भाषेतलं असेल. एक दिवस बाहेर वारा नव्हता, पाऊस नव्हता, घड्याळही बंद पडलेलं, आणि मला शब्द स्वच्छ ऐकू आले. "जपी जाय, जपी जाय, जपी जाय वं माय."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. झोपी जा गं बाई. हेच शब्द म्हणत आबांनी मला मांडीवर थोपटलं होतं.

"हे काय म्हणताय तुम्ही?" मी विचारलं.

"याला अर्थ नाही गं. लहान मुलांना झोपवायचं काहीतरी. माझी आजी म्हणायची. ती तुझ्याच देशातली होती ना! मी सांगितलं नाही तुला? वर, जिन्याच्या वळणावर, फोटो आहे तिचा. बघून ये."

मी जिना चढले. मला आठवतंय, बाराव्या पायरीवर मी थांबले, कारण तिथून चेहरा दिसायला लागला. गळ्यापर्यंत बंद काळा झगा, डोक्यावरून ओढून घेतलेली शाल, नाकात बारीक चमकी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. पांढरे केस. बाई साठीच्या पुढची असावी. हे सगळं मी नंतर पाहिलं. आधी दिसला तो चेहरा, आणि तो चेहरा पप्पांचा होता. तीच लांब भुवई, खालचा ओठ तसाच थोडा बाहेर, तीच डावा डोळा किंचित बारीक करून बघायची रीत. पप्पा बाईच्या वेषात माझी वाट अडवून बघत आहेत असं वाटलं, आणि मी कठड्याला धरून खाली बसले.

"काय नाव त्यांचं?" खाली येऊन मी विचारलं.

"कागदोपत्री रुथ अ‍ॅन. पण आजोबा तिला रट्टन म्हणायचे."

मग त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनी मला सांगितलं. आजोबा इंजिनिअर होते, हिंदुस्थानात नद्या मोजायचे. एके पहाटे ही मुलगी कोरड्या नदीतून एकटी चालत त्यांच्या छावणीवर आली आणि तंबूसमोर बसून राहिली. परत जायला तयार नव्हती. का आली, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी तिच्याशी लग्न केलं, तिला या घरी आणलं. मुलं झाली. ती चर्चला जायची, ब्रेड भाजायची, कोंबड्या पाळायची. "चांगली होती," मिसेस कॉन्रॉय म्हणाल्या. "फक्त वर्षातला एक दिवस तिचं डोकं फिरायचं. वसंतात, एप्रिलच्या शेवटी नाहीतर मे लागता. कोणता दिवस ते तीच चंद्र बघून ठरवायची. त्या दिवशी काही खायची नाही. सकाळपासून मागच्या बागेतल्या विहिरीवर जाऊन बसायची आणि आत कान लावायची. आणि मग आत वाकून म्हणायची, येस. येस. येस. एवढंच. हिंदी नाही, काही नाही, चक्क इंग्रजी. आम्ही मुलं खूप हसायचो."

मम्मीला मी गाडीत काही बोलले नाही. त्या वेळी आबा आमच्याकडे आलेले होते, सहा महिन्यांसाठी. ऐंशीचे, ताठ, पांढरीशुभ्र मिशी, घरात टोपी घालून बसणारे. दिवसभर मागच्या अंगणातल्या मॅगपाय पक्ष्यांना पोळीचे तुकडे टाकायचे. मी घरी आल्यावर त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. ते पोळी कुसकरत ऐकत होते. मी 'येस, येस' यापाशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला.

"ते इंग्रजी नाही बेटा," आबा म्हणाले.

"मग?"

"आपल्या अहिराणीत 'मी येस' म्हणजे 'मी येते'."

पक्षी चालत जवळ आले आणि आमच्या पायांशी थांबले. आबा म्हणाले, "माझे वडील सांगायचे, विहिरीतून एकच शब्द यायचा. तो कोणता, ते त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. मला सांगितला होता. येस."

पप्पांना न कळवता, मम्मीला विश्वासात घेऊन, आम्ही शुक्रवारी आबांना तिकडे नेलं. ऊन पडलेलं होतं. मिसेस कॉन्रॉयना मी हात धरून मागच्या बागेत आणलं, वेताच्या खुर्चीत बसवून हातात चहाचा कप दिला. बाग उंच दगडी भिंतींनी वेढलेली, सफरचंदाची झाडं दुर्लक्षाने वाकडीतिकडी झालेली. एका कोपऱ्यात विहीर. तोंडावर गंजलेलं लोखंडी झाकण, त्याला मध्ये मुठीएवढं भोक. काठाचा एक दगड एका जागी गुळगुळीत खोलगट झालेला होता. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं बसलं होतं. आबांनी टोपी काढली. त्या दगडाला हात लावला आणि मग कपाळाला. मी त्यांना कधी कुणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं. मग ते झाकणावर वाकले आणि त्यांनी हलक्या आवाजात, गावी मारायचे तशीच, हाक मारली. "रतनबाईसाऽऽ."

आतून काही आलं नाही. मी ऐकत होते हे कबूल करते. झाकणाखाली आवाज फिरला आणि दूर कुठेतरी खाली गेला.

माझ्या मागे कप फुटला. मिसेस कॉन्रॉय खुर्चीत पुढे झुकल्या होत्या, आंधळे डोळे सताड उघडे. "हा माणूस कोण आहे?"

"माझे आजोबा. मी सांगितलं होतं ना."

"नाही." त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "एकदा आजीच्या शेजारी मीही कान लावला होता. सहा-सात वर्षांची असेन. मी ऐकलंय त्याला. हा विहिरीतला माणूस आहे."

आबांना इंग्रजी जेमतेम यायचं. मी भाषांतर करून सांगितलं, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. आबांनी ऐकलं, आणि ते विहिरीच्या काठावर बसले. म्हणाले, "माझा आवाज थेट वडिलांसारखा आहे. सगळे म्हणतात." मग मिसेस कॉन्रॉयकडे बघत, मला उद्देशून, त्यांनी जे घरात तीन पिढ्या कुणी बोललं नव्हतं ते सांगितलं. ती गेली त्या वर्षी वाघदऱ्याची विहीर आटलेली होती. ती सापडेना त्याच दिवशी दोन माणसं दोरावरून खाली उतरली. तळाशी काही नव्हतं. तिचे तोडे विहिरीच्या काठावर ओढणीत गुंडाळून ठेवलेले होते. तिच्या वडिलांनी ते तोडे उचलले आणि म्हणाले, ती विहिरीत आहे. त्यानंतर कुणी विचारलं नाही. शिपाई कधी आलेच नव्हते. "आम्ही तिला मारलं नाही," आबा म्हणाले. "फक्त मेली म्हटलं."

"मग दरवर्षी बोलवत का होतो?" मी विचारलं.

"तिच्या आईने सुरू करायला लावलं ते. आईला माहीत होतं ना, ती कुठेतरी आहे."

मिसेस कॉन्रॉयच्या घराजवळच्या लहान चर्चच्या आवारात तिची कबर होती. रुथ अ‍ॅन, आणि खाली मृत्यूचं साल. आबांनी ते साल माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. ते त्यांच्या जन्माचं साल होतं. परतीच्या वाटेवर, ल्यूकनचं वळण आलं तेव्हा, ते म्हणाले, "माझा पायगुण नव्हता तर."

रविवारी नाश्त्याच्या वेळी आबांनी पप्पांना सांगितलं. पप्पांनी हातातला चमचा खाली ठेवला. माझी अपेक्षा होती की ते ओरडतील. ते अतिशय शांतपणे म्हणाले, "आबा, तुमचं वय झालंय. त्या बाईंचंही. आणि ही पोरगी अठरा वर्षांची आहे, हिला काहीही खरं वाटतं."

"मी दगड पाहिला, प्रताप. नाव पाहिलं."

"रुथ अ‍ॅन नावाच्या हजार बायका असतील."

"फोटो बघ एकदा."

"मला बघायचा नाही." इथे त्यांचा आवाज चिरकला. "मी आयुष्यभर हे सांगत आलो. परक्या देशात, परक्या लोकांत, मी स्वतःला कशावर उभं ठेवलं असं तुम्हाला वाटतं? ती पळून गेली? एका गोऱ्यामागे? मग आपण कोण?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नंदू, ते काम उद्यापासून बंद."

ते काम बंद झालं. मिसेस कॉन्रॉयना मी दोनदा फोन केला. त्या हिवाळ्यात त्या गेल्या, आणि घर विकलं गेलं. आबा गावी परतले. पुढच्या आखाजीला विहिरीवर उभं राहून त्यांनी जमलेल्या भाऊबंदांना सगळं सांगितलं. काही हसले, काहींनी म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणून मान हलवली, दोन घरांनी बोलणं टाकलं. पप्पांनीही टाकलं. फोनवर मम्मी बोलायची, मी बोलायचे, पप्पा दुसऱ्या खोलीत जायचे. तीन वर्षं असं चाललं आणि आबा एका दुपारी झोपेतच गेले. पप्पा अग्नी द्यायला गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले ते वाकूनच. त्या दसऱ्याला त्यांनी पूजा केली, जेवले, आणि हकिकत सांगितली नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी ल्यूकनला घरी आले होते. पप्पा कोट घालून दारात उभे होते. म्हणाले, "कुठेशी आहे ते? नासच्या पुढे ना?"

गाडी मी चालवली. सबंध रस्ताभर ते समोर बघत होते. चर्चच्या आवारात कुणी नव्हतं. धुकं जमिनीलगत साचलेलं, त्यातून कबरींचे वरचे भाग तेवढे दिसत होते, गुडघाभर पाण्यात माणसं उभी असावीत तसे. मी त्यांना दगड दाखवला. त्यांनी नाव वाचलं, साल वाचलं. बोटांनी शेवाळ थोडं खरवडलं. मला वाटलं ते काही विचारतील तर ती का पळाली हेच विचारतील. ते म्हणाले, "किती वर्षं होती ती इथे?"

"साठच्या वर."

"तेवढ्या वर्षांत आपल्या भाषेत बोलायला होतं का कुणी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नव्हतं, पप्पा. कुणीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग, पँट ओली होईल याचा विचार न करता, ते गवतात खाली बसले आणि अहिराणीत बोलायला लागले. पुण्यात शिकायला गेल्यावर मुलं हसली म्हणून त्यांनी ती भाषा सोडली होती, असं मम्मीने मला मागे सांगितलं होतं. मी त्यांच्या तोंडून तिचा एक शब्द कधी ऐकला नव्हता. आता ती धो धो येत होती, अडखळत नव्हती. पाऊस कसा झाला, कुणाच्या घरी काय झालं, नदी आता कुठून वाहते, आबा कसे गेले. हे माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. तिथून शब्द कळत नव्हते, फक्त त्यांचा आवाज यायचा. अर्धा तास तरी झाला असेल. ते बोलायचे, मग मध्येच थांबायचे, मान थोडी तिरपी करायचे, समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो तेवढा वेळ, आणि मग "हो, हो" म्हणून पुढे बोलायला लागायचे.